अंगणातील सावलीसाठी बिनफळी तुती: निवड, लागवड आणि काळजी

आटपाडी तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. पाऊस कमी, त्यातही भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये, आणि मार्चपासून उन्हाचा कडाका. टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी या भागात पोहोचल्यानंतर घराभोवती एखादे झाड जगवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मात्र कडुनिंब किंवा चिंचेची दाट सावली मिळायला बरीच वर्षे थांबावे लागते. तुतीला पाणी मिळाले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी खाट टाकून बसण्याइतकी सावली मिळते. म्हणून अनेकांची नजर तुतीकडे वळते.

अडचण फळांची असते. पिकलेली तुती फरशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, गाडीवर पडते आणि जांभळे डाग लवकर निघत नाहीत. मुंग्या, माश्या आणि पक्ष्यांची वर्दळ वाढते. यावर उपाय म्हणून ‘फळ न येणारी तुती’ मागितली जाते. अशी तुती असते, ती लावताही येते. पण ती कोणते झाड आहे, कोणत्या घरासाठी योग्य आहे आणि डाळिंब बागेजवळ ती का नको, हे लागवडीआधी समजून घ्यावे.

बिनफळी तुती म्हणजे नर तुती

तुतीत नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी असतात. बहुतेक झाडांवर एकाच प्रकारची फुले येतात. मादी फुलांपासून फळ तयार होते. नर झाडावर फक्त परागकण तयार होतात, फळ धरत नाही. बाजारात ‘बिनफळी’ म्हणून मिळणारे झाड म्हणजे हेच नर झाड. त्याला फुले येतच नाहीत, असा समज चुकीचा आहे.

ओळख फुलोऱ्याच्या वेळीच पटते. आपल्याकडे जानेवारी ते मार्च या काळात नवी पालवी फुटते, तेव्हा पानांच्या बगलेत तुरे दिसतात.

- नर तुरा लांबट, मऊ आणि लोंबता असतो. तो उमलल्यावर झटकला तर पिवळसर भुकटी उडते. नंतर तो सुकून गळून पडतो.
- मादी तुरा आखूड, गुबगुबीत आणि हिरवा असतो. त्यावर पांढरट केसांसारख्या कुक्षी दिसतात. तोच पुढे फुगून फळ होतो.

काही झाडांवर दोन्ही प्रकारचे तुरे येतात. नर झाडाच्या एखाद्या फांदीवर पुढे मादी तुरे दिसू शकतात. अशी फांदी बुडापासून काढून टाकावी.

आणखी एक गैरसमज रेशीम शेतीमुळे होतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेची व्ही-१ किंवा अन्य सुधारित जातींची बाग पाहिली की तिथे फळे फारशी दिसत नाहीत. त्यावरून ‘रेशमाची तुती बिनफळी असते’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या बागेत झुडूप पद्धतीने वर्षातून अनेकदा फांद्या कापल्या जातात, त्यामुळे फळ पिकायला वेळच मिळत नाही. तीच काडी अंगणात मोकळी वाढू दिली तर फळे धरू शकतात. म्हणून जातीच्या नावावर न जाता मातृवृक्षाचा तुरा पाहूनच काडी घ्यावी.

परागकणांचा विचार आधी करावा

नर झाडाने फळांचा कचरा टळतो, पण परागकण वाढतात. तुतीचे परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे झाड परागकण मोठ्या प्रमाणात तयार करते. पांढऱ्या तुतीच्या नर फुलातील पुंकेसर कळीत वाकून ताणलेले असतात. कळी सुकताना ते गोफणीसारखे सुटतात आणि परागकण ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने बाहेर फेकतात, असे मोजमापांतून दिसले आहे. पुढे हे हलके कण वारा घेऊन जातो.

याचा अनुभव अमेरिकेच्या कोरड्या भागातील शहरांनी घेतला. स्वच्छ आणि झटपट सावली म्हणून तिथे घरोघरी बिनफळी तुती लावली गेली. पुढे ॲलर्जीच्या तक्रारी वाढल्या. लास वेगास परिसरात १९९१ मध्ये आणि एल पासो शहरात १९९२ मध्ये अशा तुतीच्या नव्या लागवडीवर बंधने आली. तिथे हजारो झाडे एकत्र होती, आपल्याकडे अंगणात एखादे असेल, हा फरक आहेच. तरीही ज्याच्या नाकासमोर झाड आहे त्याला त्या एका झाडाचेही परागकण पुरेसे ठरू शकतात.

निर्णय घेताना पुढील नियम ठेवावा.

- घरात कोणाला दमा, वारंवार शिंका, डोळ्यांना खाज किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर नर तुती लावू नये. लहान मुले आणि वृद्धांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी.
- शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याच्या आवारात नर तुती टाळावी.
- अशा ठिकाणी करंज किंवा कडुनिंब लावावा. त्यांचे परागीभवन मुख्यतः कीटकांमुळे होते, हवेत परागकणांचा मारा होत नाही.
- तुतीच हवी असेल आणि अंगण मातीचे असेल तर मादी तुती लावावी. तिचे परागकण नसतात. फळे मुलांना खाता येतात आणि मातीवर डागांचा प्रश्न येत नाही.

थोडक्यात, फरशी, पेव्हिंग ब्लॉक किंवा गाडी लावण्याची जागा आहे आणि घरात श्वसनाचा त्रास नाही, अशा ठिकाणीच बिनफळी तुतीचा खरा उपयोग आहे.

घराच्या कोणत्या बाजूला लावावी?

आटपाडी साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. म्हणजे दक्षिणेला लावलेले झाड उन्हाळ्यात घराला फारसे उपयोगी पडत नाही. घर तापते ते मुख्यतः दुपारी दोननंतर पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाने. म्हणून घरासाठी सावली हवी असेल तर झाड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला लावावे. गोठ्यासाठीही हाच नियम लागू होतो.

दुपारनंतरचा वाराही बऱ्याचदा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीत झोपण्याच्या खोलीची खिडकी असेल तर झाड तिच्या अगदी समोर न लावता बाजूला सरकवावे. तुरे उमललेले असतील त्या दोन-तीन आठवड्यांत ती खिडकी दुपारी बंद ठेवावी आणि अंथरूण-पांघरूण झाडाखाली वाळत घालू नये.

तुतीची मुळे जोमदार असतात आणि बरीचशी वरच्या थरात पसरतात. ओलावा सापडेल तिकडे ती जातात. म्हणून पुढील अंतरे पाळावीत.

- घराच्या भिंतीपासून ५ ते ६ मीटर.
- शौचालयाची टाकी, सांडपाण्याची नळी आणि पाण्याच्या हौदापासून ६ मीटरपेक्षा जास्त.
- प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्याजवळ लावूच नये. मुळे आणि गळालेला पाला, दोन्ही त्रासदायक ठरतात.
- विजेच्या तारांखाली लावू नये. झाड मोकळे वाढले तर ८ ते १० मीटर उंची सहज गाठते.
- दोन झाडे लावायची असतील तर त्यांच्यात ७ ते ८ मीटर अंतर.

डाळिंब बागेच्या बांधावर तुती नको

आटपाडी भागात अनेकांचे घर बागेतच असते, त्यामुळे ‘अंगण’ आणि ‘बांध’ यांत अंतर राहत नाही. इथे तीन कारणांनी सावध राहावे.

पहिले कारण पिठ्या ढेकूण. तुतीच्या शेंड्यावर गुलाबी पिठ्या ढेकूण येतो, त्यामुळे पाने आकसतात, शेंडा चुरगळतो. रेशीम उत्पादक याला तुक्रा म्हणतात. हाच ढेकूण द्राक्ष, डाळिंब आणि जास्वंदीवरही जगतो. बांधावरच्या दुर्लक्षित तुतीवर तो वर्षभर टिकतो आणि वारा व मुंग्यांमार्फत बागेत उतरतो.

दुसरे कारण सूत्रकृमी. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तुतीवर आणि डाळिंबावरही वाढतात. डाळिंबात सूत्रकृमींनी जखमी झालेल्या मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते. रोगट मुळांचे तुतीचे रोप आणणे म्हणजे हा प्रश्न विकत घेणे.

तिसरे कारण पाणी. डाळिंबाला बहरासाठी ताण द्यावा लागतो. तुती त्याच ठिबकच्या नळीवर असेल तर ताणाच्या काळात तिचे हाल होतात आणि तिच्यासाठी पाणी सोडले तर शेजारच्या ओळीचा ताण मोडतो. बहर पुढे-मागे होतो, फळे एकसारखी येत नाहीत.

म्हणून तुती बागेपासून निदान १५ मीटर दूर, घराच्या बाजूला आणि स्वतंत्र नळीवर असावी. हे अंतर मिळत नसेल तर दुसरे झाड निवडावे. बागेतील फवारणीचा तुषार तुतीवर येतो हेही लक्षात ठेवावे. असा पाला जनावरांना घालता येत नाही.

रोप तयार करणे

बियांपासून वाढवलेले रोप नर निघेल की मादी, हे आधी सांगता येत नाही. काड्यांपासून केलेले रोप मात्र मातृवृक्षासारखेच निघते. त्यामुळे बिनफळी तुतीसाठी काडीच लावावी.

1. फेब्रुवारी-मार्चमध्ये परिसरातील तुतीची झाडे पाहावीत. ज्याच्या सर्व बाजूंच्या फांद्यांवर फक्त नर तुरे आहेत, अशा झाडाला खूण करावी. शक्य असल्यास पुढच्या वर्षीही खात्री करावी.
2. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच झाडावरून ६ ते ८ महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या घ्याव्यात. कोवळा हिरवा शेंडा टाकून द्यावा.
3. प्रत्येक काडी १५ ते २० सेंटिमीटर लांबीची आणि ३ ते ४ डोळ्यांची ठेवावी. खालचा काप तिरका, वरचा सरळ घ्यावा, म्हणजे काडी उलटी लावली जात नाही.
4. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन पिशव्या भराव्यात. वरचा एक डोळा उघडा राहील इतपत काडी रोवावी आणि पिशव्या सावलीत ठेवाव्यात.
5. चार-सहा महिन्यांत रोप लागवडीयोग्य होते.

रोपवाटिकेतून रोप घ्यायचे असल्यास ते काडीपासून केले आहे का आणि मातृवृक्ष दाखवता येईल का, हे विचारावे. एका रोपाची मुळे धुऊन पाहावीत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या ठिकाणचे एकही रोप घेऊ नये. चांगल्या काड्यांच्या माहितीसाठी जिल्हा रेशीम कार्यालयाकडेही विचारणा करता येते.

जमीन आणि लागवड

तुती हलक्या ते मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत चांगली वाढते. आपल्याकडील मुरमाड जमिनीत ती येते, पण खड्डा मोठा घ्यावा लागतो. साधारण जमिनीत ६० × ६० × ६० सेंटिमीटरचा खड्डा पुरतो. कठीण मुरूम असेल तर १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा.

खड्डा उन्हाळ्यात खोदून तापू द्यावा. भरताना चुनखडीचे खडे आणि पांढरी माती परत टाकू नये. वरच्या थरातील चांगली माती आणि १५ किलो कुजलेले शेणखत मिसळून भरावे. कच्चे शेणखत वापरू नये. त्याने वाळवी आणि हुमणीला आमंत्रण मिळते.

पाण्याची सोय असेल तर जून-जुलैमध्ये लागवड करावी. फक्त पावसाच्या भरवशावर असाल तर आपल्या भागात सप्टेंबरची चांगली ओल झाल्यावर लावणे अधिक सुरक्षित आहे. रोपाशेजारी बांबूची काठी रोवून सुती चिंधीने सैल बांधावे. शेळ्या-मेंढ्यांचा पहिला डोळा तुतीवरच असतो. त्यामुळे बाभळीच्या काट्यांचे कुंपण किंवा जाळी पहिल्याच दिवशी लावावी आणि शेंडा जनावरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ठेवावी.

पाणी व्यवस्थापन

पहिल्या वर्षी पावसाची उघडीप असेल तेव्हा आठवड्यातून दोनदा १० ते १५ लिटर, उन्हाळ्यात दोनदा २० लिटर पाणी द्यावे. रोज थोडे-थोडे पाणी देऊ नये. त्याने मुळे वरच राहतात आणि पुढे फरशी उचलतात. खोडापासून दूर, पानांच्या घेराच्या कडेला आळे करून पाणी द्यावे आणि झाड वाढेल तसे आळे रुंद करावे.

आळ्यात उसाचे पाचट किंवा काडीकचऱ्याचे ३ ते ४ इंच आच्छादन करावे. ते खोडाला टेकू देऊ नये. एक वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी खोडावर चढलेली लगेच दिसते.

तीन वर्षांनंतर झाड बऱ्यापैकी ताण सहन करते. मात्र ‘सहन करते’ आणि ‘सावली देते’ यांत फरक आहे. उन्हाळ्यात पाणी अजिबात नसेल तर तुती पाने टाकून स्वतःला वाचवते आणि नेमकी गरज असताना सावली मिळत नाही. मार्च ते मे या काळात दर १० ते १२ दिवसांनी एक भरपूर पाणी देण्याची तयारी असेल तरच सावलीसाठी तुती लावावी. ती तयारी नसेल तर कडुनिंबच बरा.

वळण आणि छाटणी

तुतीला मोकळे सोडले तर बुडापासून अनेक फुटवे येऊन झुडूप होते. सावलीचे झाड घडवावे लागते.

- पहिली दोन वर्षे एकच सरळ खोड ठेवावे. ६ फुटांखालचे फुटवे कोवळे असतानाच काढावेत.
- साधारण ७ फुटांवर शेंडा खुडावा. चारही दिशांना गेलेल्या ३ ते ४ मजबूत फांद्या ठेवाव्यात. एकाच बिंदूतून निघालेल्या फांद्या वाऱ्यात फाटतात, म्हणून त्यांच्यात वीतभर उंचीचे अंतर असावे.
- तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत, पाने विरळ झाल्यावर, आडव्यातिडव्या, सुकलेल्या आणि भिंतीकडे झुकलेल्या फांद्या काढाव्यात.
- जाड मुख्य फांद्या मध्येच तोडून झाड ‘बोडके’ करू नये. अशा जखमा कुजतात आणि तिथून आलेले फुटवे कमकुवत धरलेले असतात.
- मोठ्या कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी.

परागकण कमी करायचे असतील तर पालवीबरोबर नर तुरे दिसू लागताच, ते उमलण्यापूर्वी, तुरे असलेल्या बारीक फांद्यांची हलकी छाटणी करावी. सगळे तुरे हाती लागत नाहीत, पण भार कमी होतो. हे काम करताना नाका-तोंडाला रुमाल बांधावा.

छाटलेला पाला शेळ्यांसाठी

तुतीच्या पाल्यात कोरड्या वजनावर साधारण १५ ते २५ टक्के प्रथिने असतात आणि शेळ्या तो आवडीने खातात. ज्या घरी दोन-चार शेळ्या आहेत, त्यांना छाटणीचा कचरा उचलावा लागत नाही. पाला एकदम भरपूर घालू नये. कडब्याबरोबर मिसळून, सवय लावत द्यावा. धूळ बसलेला पाला झटकून आणि फवारणीचा तुषार आलेला पाला अजिबात देऊ नये. मात्र चाऱ्यासाठी ऐन उन्हाळ्यात फांद्या तोडल्या तर सावली जाते. त्यामुळे चाऱ्याची तोड पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर घ्यावी.

कीड, रोग आणि अन्नद्रव्ये

पिठ्या ढेकूण: चुरगळलेले शेंडे दिसताच कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. कापलेले शेंडे झाडाखाली टाकू नयेत. मुंग्या ढेकणांना इकडून तिकडे नेतात, म्हणून मुंग्यांची वारुळे बंद करावीत. क्रिप्टोलिमस हे मित्रभुंगेरे सोडल्यास चांगला उपयोग होतो. ते सोडल्यानंतर रासायनिक फवारणी टाळावी.

भुरी आणि पानांवरील ठिपके: हिवाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी दिसते. फांद्या विरळ करून हवा खेळती ठेवली की सावलीच्या झाडाला बहुधा फवारणीची गरज पडत नाही.

मूळकूज: झाड अचानक कोमेजते, सालीखाली मुळे काळी पडतात. पाणी साचू न देणे आणि कुजलेल्या शेणखतासोबत ट्रायकोडर्मा आळ्यात मिसळणे हा प्रतिबंधक उपाय आहे.

पाने पिवळी, शिरा हिरव्या: चुनखडीयुक्त जमिनीत लोह उपलब्ध होत नाही, त्यामुळे कोवळ्या पानांवर असे दिसते. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून सायंकाळी फवारावे. कायमच्या सुधारणेसाठी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी २० ते २५ किलो शेणखत द्यावे.

अंगणात आधीच फळ देणारी तुती असेल तर

चांगले वाढलेले झाड केवळ डागांसाठी तोडू नये. खात्रीच्या नर झाडावरचा डोळा नव्या फुटव्यांवर भरून झाड हळूहळू बदलता येते. पहिल्या वर्षी निम्म्या फांद्यांवर डोळे भरावेत, म्हणजे सावली टिकते. मूळ झाडाचे फुटवे मात्र नियमित काढावे लागतात. याहून सोपा उपाय म्हणजे फळाच्या हंगामात झाडाखाली जुनी साडी किंवा शेडनेट अंथरणे. फळांचा हंगाम काही आठवड्यांचाच असतो.

लागवडीपूर्वी स्वतःला विचारावे

- घरात कोणाला दमा किंवा परागकणांचा त्रास आहे का?
- डाळिंब किंवा द्राक्ष बाग १५ मीटरच्या आत आहे का?
- भिंत, टाकी आणि नळ्यांपासून पुरेसे अंतर मिळते का?
- मार्च ते मे पाणी देता येईल का?
- नर तुरे स्वतः पाहिलेल्या झाडाची काडी मिळाली आहे का?

पहिल्या दोनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर नर तुतीचा विचार सोडून करंज किंवा कडुनिंब लावावा. पहिल्या दोहोंचे उत्तर ‘नाही’ आणि उरलेल्या तिन्हींचे ‘हो’ असेल, तर खड्डा या उन्हाळ्यातच खोदून ठेवावा.